‘जरा वाट पाहू’ म्हणण्याआधी

मैत्रिणींनो, माझी धाकटी नणंद एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या परीक्षेला बसते आहे. अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत ती मोठ्यानं पाठ करते आणि पोळ्या लाटता लाटता माझ्याही कानावर पडतं. परवा ती म्हणत होती, “वीस आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा जास्त…” आणि माझं लाटणं थांबलं.

माझ्या दुसऱ्या खेपेला आठव्या महिन्यात हेच झालं होतं. तोंड सुजलं, डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. “दिवसांत अंगावर पाणी येतंच गं,” असं सगळ्याच म्हणाल्या. मीही दोन दिवस शाळेत तास घेत राहिले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, तेव्हा रक्तदाब १६०/११०! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणखी थांबला असतात, तर झटके आले असते.” आम्ही दोघंही वाचलो, पण ते दोन दिवस मी विसरले नाही.

म्हणून नणंदेच्या अभ्यासातलं एवढं तरी आपल्यालाही पाठ हवं. डोकेदुखी आणि अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं, अंगावरून रक्त जाणं, कळा नसताना पाणमोट फुटणं, बाळाची हालचाल मंदावणं, ताप. यांतलं काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा. बाळंतपणानंतर तासाभरात अख्खी घडी भिजली, तर “जातंच एवढं” म्हणू नका. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल, तर रक्तस्राव अधिकच जिवावर बेततो. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज घ्या. चहाबरोबर मात्र नको.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तिथं बाळंतपण आणि सिझेरियनलाही पैसे पडत नाहीत. आपल्या भागात उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आहेच.

आणि पावसाळा! २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. बोटींनी बाहेर काढलेल्या प्रवाशांत नऊ गरोदर बायका होत्या. तेव्हा सातव्या महिन्यातच ठरवून ठेवा: जायचं कुठं, रात्री गाडी कोणाची, वेळ पडली तर रक्त कोण देणार. दिवस पावसाळ्यात भरत असतील, तर नववा लागताच दवाखान्याजवळच्या नातलगांकडे राहायला जा. १०८ नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ असू दे.

आमच्याकडे तपासणीची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दारामागच्या खिळ्याला टांगलेली असायची. तुम्हीही आजच टांगा.