लॅपटॉप घेताय? जे नंतर बदलता येत नाही, ते आधी पाहा

वाशिम : बारावीचा निकाल लागला, सीईटीचे प्रवेश सुरू झाले किंवा दिवाळीचे सेल आले, की जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत एकच विषय निघतो. पोराला किंवा पोरीला लॅपटॉप घ्यायचा आहे. कुणाला अकोला-अमरावतीच्या कॉलेजसाठी पाहिजे, कुणाला गावातच सेवा केंद्र टाकायचे आहे. पन्नास हजारांचा लॅपटॉप म्हणजे सोयाबीनच्या २०२५-२६ च्या हमीभावाने, क्विंटलला ५,३२८ रुपये धरले तरी सव्वानऊ क्विंटलच्या वर माल. हमीभाव किती जणांच्या हाती पडतो ते सांगायला नको. म्हणजे खरा आकडा आणखी मोठा.

एवढा पैसा एका वस्तूत जातो आणि दुकानात प्रश्न विचारले जातात दोनच. "आय-फाइव्ह आहे का?" आणि "केवढ्याला देता?" दीड-दोन वर्षांनी मशीन अडकायला लागली की ती खोलून पाहतात, आणि तेव्हा कळते की आतमध्ये रॅम वाढवायला जागाच नाही.

ट्रॅक्टर घेताना शेतकरी असे करत नाही. रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, ट्रॉली मागून घेता येते. इंजिनाची एचपी मागून वाढत नाही, म्हणून तो आधी एचपी पाहतो. लॅपटॉपमध्येही तसेच आहे. प्रोसेसर, स्क्रीन, ग्राफिक्स कार्ड, कीबोर्ड हे जे येते तेच शेवटपर्यंत राहते. एसएसडी बहुतेक लॅपटॉपमध्ये बदलता येते, बॅटरीही बदलता येते. रॅमचे मात्र मॉडेलवर आहे, आणि बहुतेक जण फसतात ते इथेच.

रॅम : चिकटवलेली की खाचेत बसवलेली?

रॅम दोन प्रकारे येते. एक, छोट्या पट्टीच्या रूपात खाचेत बसवलेली. ती काढता येते, मोठी टाकता येते. दुसरी, मदरबोर्डावरच सोल्डर करून पक्की केलेली. ती ८ जीबी असेल तर ८ जीबीच राहणार, कितीही पैसे दिले तरी. काही लॅपटॉपमध्ये दोन्ही असते, म्हणजे ८ जीबी बोर्डावर पक्की आणि शेजारी एक रिकामी खाच. खेड्यातल्या गिऱ्हाइकासाठी हा प्रकार चांगला, कारण आज पैसे कमी असतील तर पुढच्या हंगामात दुसरी ८ जीबी टाकता येते.

हे ओळखायचे कसे? दुकानात लॅपटॉप चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा. तिथे फॉर्म फॅक्टरसमोर 'सोडिम' लिहिले असेल तर पट्टी आहे. 'रो ऑफ चिप्स' लिहिले असेल तर रॅम बोर्डावर पक्की आहे. खाली किती स्लॉट वापरलेत तेही दिसते, पण चिकटवलेल्या रॅममध्ये तो आकडा चुकीचा दिसू शकतो, त्यावर एकट्यावर विसंबू नका.

ऑनलाइन घेत असाल तर कंपनीच्या माहितीपत्रकात 'सोल्डर्ड', 'ऑनबोर्ड' किंवा 'एलपीडीडीआर' हे शब्द शोधा. एलपीडीडीआर असेल तर ती बहुतेक चिकटवलेलीच समजा. लेनोवोची पीएसआरईएफ नावाची वेबसाइट आहे. तिच्यावर मॉडेल टाकले की रॅमच्या खाचा किती, जास्तीत जास्त किती रॅम बसते, एसएसडी किती लांबीची लागते, सगळे मोबाइलवर मोफत दिसते. डेल आणि एचपीही मॉडेलनुसार मॅन्युअल देतात. दुकानदार "वाढते भाऊ, टेन्शन नका घेऊ" म्हणाला तर त्याच्यासमोरच मोबाइलवर पाहून घ्या. तो काही मुद्दाम खोटे बोलतो असे नाही, पुष्कळदा त्यालाही माहीत नसते.

आणखी एक. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही, तिचा कापच वेगळ्या जागी असतो. मित्राच्या जुन्या लॅपटॉपची रॅम काढून लावू, हा हिशोब प्रत्येक वेळी जमेल असे नाही.

आय-फाइव्ह म्हणजे नक्की काय?

नुसत्या आय-फाइव्हला काही अर्थ नाही. पुढचा नंबर पाहिजे. इंटेलच्या आय५-७२००यू या २०१६ च्या प्रोसेसरमध्ये दोनच कोअर आहेत. आय३-१२१५यू हा नावाने लहान, पण त्यात सहा कोअर आहेत आणि तो बाराव्या पिढीचा आहे. नंबरचे पहिले दोन आकडे १२ किंवा १३ असतील तर ती पिढी. ७२०० सारखा चारच आकड्यांचा आणि ६, ७ किंवा ८ ने सुरू होणारा नंबर असेल तर पहिला आकडा पिढीचा. २०२३ च्या शेवटापासून इंटेलने नव्या प्रोसेसरच्या नावातला 'आय' काढायला सुरुवात केली. त्यामुळे 'कोअर ५' किंवा 'कोअर अल्ट्रा ५' दिसले तर नकली समजू नका.

एएमडीमध्ये गोंधळ जास्त. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे जुळ्या भावांसारखी दिसतात. पण पहिल्यात चार कोअर आहेत, आतली रचना २०१९ सालची आणि रॅम चिकटवलेलीच येते. दुसऱ्यात सहा कोअर, रचना त्यानंतरची, आणि रॅमची खाच असलेले लॅपटॉप त्यात मिळतात. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो. तिथे २ असेल तर जुनी, ३ किंवा ४ असेल तर नवी. दुकानात दोन्हींवर 'रायझन ५, ७००० सिरीज' असेच स्टिकर असते.

सेलेरॉन एन४०२० सारखे दोन कोअरचे प्रोसेसर स्वस्तात मिळतात. टायपिंगचा सराव, एखादा फॉर्म एवढ्यापुरते ते चालतात. त्यावर चार वर्षांचा कोर्स काढायचा विचार करू नये.

जुने लॅपटॉप 'रिफर्बिश्ड' म्हणून पुण्या-नागपुरातून येतात. त्यात काही फार मजबूत असतात. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, एक-दोन अपवाद सोडून. म्हणून जुना घेताना आठव्या पिढीच्या खाली उतरू नका, भाव कितीही गोड असला तरी.

किती रॅम, किती एसएसडी?

सेवा केंद्राच्या कामाला, म्हणजे पीक विमा, फार्मर आयडी, दाखले यांना ८ जीबीत भागते. पण ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब, बाजूला स्कॅनर आणि व्हॉट्सअॅप चालू असेल तर १६ जीबीचा फरक जाणवतो. बीसीए किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पोरांना अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला इम्युलेटर चालवायचा असतो, त्यांनी १६ जीबीच धरावी. सिव्हिल, मेकॅनिकलवाल्यांनाही १६ धरा.

१६ जीबी घेताना एकच १६ ची पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन असतील तर वेग बरा मिळतो, कारण दोन बाजूंनी काम चालते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये हे जास्त दिसते. इंटेलच्या अकराव्या ते तेराव्या पिढीतल्या आय५ मध्ये एकच पट्टी असेल तर 'आयरिस एक्सई' ग्राफिक्स नुसते 'यूएचडी' म्हणून चालते.

आजवर सगळे एकच सल्ला द्यायचे. कमी रॅमचा घ्या, बाहेरून पट्टी टाका, स्वस्त पडते. २०२५ च्या शेवटापासून हे गणित बिघडले आहे. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीच्या चिपा मोठ्या प्रमाणात जाऊ लागल्या आणि रॅम-एसएसडीचे भाव जगभर चढले. म्हणून आता दोन्ही आकडे त्याच दिवशी काढा. ८ जीबी आणि १६ जीबीच्या मॉडेलमध्ये फरक किती, आणि सुटी ८ जीबीची पट्टी केवढ्याला. जे कमी पडेल ते करा. रिकामी खाच असली तर घाई नाही. रॅम चिकटवलेली असेल तर मात्र पर्याय नाही, लागणार तेवढी आजच घ्यावी लागते.

एसएसडी ५१२ जीबीची पुरते. ती 'एनव्हीएमई' आहे का विचारा. साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर एमबीच्या आसपास वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत आणि एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. 'ईएमएमसी ६४ जीबी' लिहिलेला लॅपटॉप घेऊ नका. विंडोज ११ ची किमान गरजच ६४ जीबी आहे, मग फाइली कुठे ठेवणार? नंतर एसएसडी बदलायची असेल तर लांबी पाहा. काहींत ८० मिलिमीटरची बसते, काहींत फक्त ४२ ची.

गेमिंग लॅपटॉपचा हट्ट

पोरं हट्ट धरतात तो याचा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नंतर टाकता येत नाही हे खरे, पण ते सगळ्यांना लागतेच असे नाही. थ्रीडी डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, ॲनिमेशन शिकणाऱ्याला लागते. बी.कॉम. आणि स्पर्धा परीक्षावाल्याला नाही. असे लॅपटॉप दोन किलोच्या वर जातात, चार्जर विटेएवढा आणि बॅटरी लवकर उतरते. गावात लाइन गेली की बॅटरी किती वेळ टिकते यावरच अभ्यास ठरतो. बॅटरीच्या माहितीत 'वॉट-अवर' आकडा पाहा. बाकी सारखे असेल तर ३६ पेक्षा ५० चांगला.

सेवा केंद्रवाल्यांनी खाचा मोजून घ्याव्यात. ठसा यंत्र, प्रिंटर आणि माउस मिळून साध्या यूएसबीच्या तीन जागा जातात. पातळ लॅपटॉपमध्ये दोनच असतात. फायबरची लाइन असेल तर लॅन केबलची खाचही कामाची.

स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस घ्या. टीएन स्क्रीन बाजूने पाहिली की फिकी दिसते, आणि ती नंतर बदलणे परवडत नाही.

ऑर्डर आणि बिल

लेनोवो, डेल यांच्या वेबसाइटवर काही मॉडेलमध्ये रॅम, एसएसडी, विंडोज, वॉरंटी आपल्याला निवडता येते. असा लॅपटॉप ऑर्डरनंतर तयार होतो, म्हणून उशिरा येतो. कॉलेज सुरू व्हायच्या चार दिवस आधी हे करू नये. निवडताना सगळ्यात महागडी खूण आपोआप लावलेली नाही ना, ते पाहा. अँटिव्हायरस, बॅग, क्लाउड स्टोरेज काढून टाका. वाचलेले पैसे वॉरंटीत घाला. 'ऑनसाइट' म्हणजे माणूस घरी येतो, 'कॅरी-इन' म्हणजे तुम्ही सेंटरवर घेऊन जायचे. रिसोड किंवा मानोऱ्याहून प्रत्येक वेळी दुसऱ्या शहरात फेरी मारायची म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. आपल्या पिनकोडला ऑनसाइट मिळते का, हे कंपनीच्या कस्टमर केअरला पैसे भरायच्या आधी विचारा.

'डॉस' लिहिलेला लॅपटॉप स्वस्त असतो, कारण त्यात विंडोज नसते. मग दुकानात कॉपी मारलेली विंडोज टाकून मिळते. ज्या मशीनवर लोकांचे आधार आणि बँकेचे काम करायचे, तिच्यावर हे धोक्याचे आहे. ऑफिसचेही विचारा, कायमचे आहे की वर्षभराचे.

दुकानात रॅम वाढवून घेतली तर बिलावर तिचा ब्रँड आणि क्षमता वेगळी लिहून घ्या. जुनी पट्टी काढली असेल तर ती तुमची आहे, मागून घ्या. खोलल्याने वॉरंटी जाते का, तेही लेखी घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. "बिल नको, कमी करतो" म्हणणाऱ्याकडे जे वाचते ते पहिल्या बिघाडातच जाते. बिलावरचा सीरियल नंबर मशीनच्या पाठीवरच्या नंबराशी जुळवा आणि तोच कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू आहे ते पाहा. मोफत लॅपटॉपचे जे मेसेज ग्रुपवर फिरतात, तसे मेसेज पीआयबीने वेळोवेळी खोटे ठरवले आहेत. त्यातल्या लिंकवर आधार नंबर टाकू नका.

घरात जुना, हार्ड डिस्कवाला लॅपटॉप पडून असेल आणि प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर नवा घ्यायच्या आधी त्यात एसएसडी टाकून पाहा. खर्च नव्याच्या मानाने थोडा आणि फरक चालू करताच दिसतो. पंखाही साफ करून घ्या, मळणीच्या दिवसांतला भुसा आत जाऊन बसलेला असतो. काढलेली हार्ड डिस्क टाकू नका. यूएसबीच्या डबीत बसवली की फोटो आणि सातबाऱ्याच्या पीडीएफ ठेवायला ती पुष्कळ दिवस चालते.