लेझरने चष्म्याचा नंबर घालवताना: नेत्ररुग्णालयाच्या निवडीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

लेझर किरणांच्या साहाय्याने चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया आता केवळ महानगरांतील रुग्णांचा विषय राहिलेली नाही. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातही नोकरदार, विवाहेच्छू तरुण-तरुणी आणि भरतीची तयारी करणारे विद्यार्थी तिचा विचार करतात, आणि मोठ्या उपचारांसाठी धुळे, नाशिक किंवा तापी मार्गाच्या रेल्वेने सुरत गाठण्याची जिल्ह्याची जुनी वहिवाट याही बाबतीत पाळली जाते. रुग्णालय घरापासून दूर असले की निवड बहुधा जाहिरात, ओळखीच्या माणसाचा अनुभव आणि सांगितलेला दर यांवर होते, आणि त्यातूनच पुढील गैरसमज रूढ होतात.

त्यांचा विचार करण्यापूर्वी शस्त्रक्रियेचे तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण सर्वाधिक वळतात ते पारपटलावर, म्हणजे बुबुळासमोरील पारदर्शक, घुमटाकार आवरणावर, ज्याला दवाखान्यात कॉर्निया म्हणतात. या आवरणाची वक्रता बदलली की प्रतिमा दृष्टिपटलावर नेमकी पडू लागते आणि चष्म्याची गरज कमी होते. हा बदल घडवणारा एक्सायमर लेझर 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील किरण असून, तो आजूबाजूचा भाग न भाजता ऊतीचा अतिसूक्ष्म थर काढू शकतो, हे 1981 मध्ये अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत तत्कालीन मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी दाखवून दिले. आज प्रचलित असलेल्या पद्धती मुख्यतः तीन आहेत: लॅसिकमध्ये पारपटलाची पातळ झडप उचलून तिच्याखालील थरावर लेझर वापरतात, पीआरकेमध्ये झडप न करता केवळ वरची त्वचा दूर करून लेझर वापरतात, तर स्माइलमध्ये फेम्टोसेकंद लेझरने पारपटलाच्या आतच भिंगाच्या आकाराची चकती कोरून ती लहानशा छेदातून बाहेर काढतात.

गैरसमज 1: डोळ्याचा लेझर म्हणजे एकच उपचार; मोतीबिंदूही लेझरनेच निघतो.

वस्तुस्थिती: मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. सर्वत्र रूढ असलेल्या फेको शस्त्रक्रियेत हे भिंग लेझरने नव्हे, तर श्राव्यातीत ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेतले जाते आणि त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवले जाते. काही ठिकाणी छेद घेण्यासाठी फेम्टोसेकंद लेझर वापरला जात असला, तरी तेथेही मोतीबिंदू काढण्याचे काम बहुतांशी ध्वनिलहरीच करतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर भिंगामागील पातळ पापुद्रा गढूळ झाल्यास वापरला जाणारा याग लेझर, मधुमेहात दृष्टिपटलावरील गळक्या किंवा नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्यांवर दिला जाणारा लेझर आणि काचबिंदूच्या एका प्रकारात बुबुळाला सूक्ष्म छिद्र पाडणारा लेझर हे तिन्ही उपचार दृष्टी टिकवण्यासाठी किंवा परत मिळवण्यासाठी असतात, तर चष्म्याचा नंबर घालवणारा लेझर निरोगी डोळ्यावर, रुग्णाच्या इच्छेने केला जातो. त्यामुळे एखाद्या रुग्णालयाच्या फलकावर लेझरची सोय असल्याचे लिहिलेले असले, तरी तेथे नेमका कोणता लेझर आहे हे विचारल्याशिवाय त्या फलकाला अर्थ राहत नाही. मोतीबिंदू शोधण्यासाठी गावोगावी भरणारी शिबिरे मोलाची आहेत. चष्मा घालवण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय मात्र शिबिरातल्या विजेरीच्या प्रकाशात होऊ शकत नाही.

गैरसमज 2: नंबर आहे म्हणजे लेझर करता येतो, आधीच्या तपासण्या हा केवळ सोपस्कार असतो.

वस्तुस्थिती: या शस्त्रक्रियेचे यश सर्वाधिक अवलंबून असते ते रुग्णाच्या निवडीवर, आणि निवड तपासणीवर. वय किमान 18 वर्षे असावे, वर्षभरात नंबर अर्ध्या डायॉप्टरहून (डायॉप्टर हे नंबर मोजण्याचे एकक) अधिक बदललेला नसावा आणि गर्भारपण व स्तनपानाच्या काळात शस्त्रक्रिया टाळावी, हे प्राथमिक निकष सर्वत्र मान्य आहेत. कॉन्टॅक्ट लेन्समुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलत असल्याने मऊ लेन्स तपासणीपूर्वी साधारण दोन आठवडे आणि कडक लेन्स किमान तीन ते चार आठवडे बंद ठेवावी लागते. लेन्स काढून त्याच दिवशी घेतलेली मापे विश्वासार्ह नसतात.

याहून महत्त्वाचा हिशेब पारपटलाच्या जाडीचा असतो. सहा ते साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या भागावर एक डायॉप्टर नंबर उतरवण्यासाठी ढोबळमानाने 12 ते 14 मायक्रॉन जाडीची ऊती खर्ची पडते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पारपटल 540 मायक्रॉन जाड, झडप 110 मायक्रॉनची आणि नंबर उणे 5 असेल, तर सुमारे 70 मायक्रॉन लेझरने निघून झडपेखाली 360 मायक्रॉनचा आधार उरतो, जो पुरेसा आहे. पारपटल 490 मायक्रॉनचे, झडप तितकीच आणि नंबर उणे 8 असेल, तर 112 मायक्रॉन निघून 268 मायक्रॉनच उरतात. झडपेखालील आधारासाठीची 250 मायक्रॉनची किमान मर्यादा येथे पाळली गेली असे कागदावर दिसते, परंतु झडप आणि लेझर मिळून मूळ जाडीचा 45 टक्के भाग बाधित झालेला असतो आणि हे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर गेले की धोका वाढतो, असे अभ्यासांत आढळले आहे. हा धोका म्हणजे पारपटल कमकुवत होऊन काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुढे फुगू लागणे, ज्याला एक्टेशिया म्हणतात.

महाराष्ट्रातील रुग्णांच्या बाबतीत ही काळजी अधिकच घ्यावी लागते. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरील लोकांमध्ये झालेल्या मध्य भारत नेत्र अभ्यासात पारपटलाची सरासरी जाडी सुमारे 514 मायक्रॉन भरली. त्याच अभ्यासात, 48 डायॉप्टर किंवा त्याहून अधिक वक्रता हा निकष धरला असता, 2.3 टक्के व्यक्तींमध्ये केरॅटोकोनस, म्हणजे पारपटल आपोआप पातळ व शंकूसारखे होत जाण्याचा विकार, असल्याचे दिसले. या विकाराची सुरुवातीची अवस्था साध्या तपासणीत कळत नाही आणि तशा डोळ्यावर लॅसिक केल्यास विकार बळावतो. म्हणून पारपटलाच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा काढणारी तपासणी, जी पेंटाकॅम या यंत्राच्या नावाने ओळखली जाते, अश्रूंची तपासणी आणि बाहुली मोठी करणारे थेंब टाकून केलेली नंबरची व दृष्टिपटलाची तपासणी या तिन्हींशिवाय शस्त्रक्रियेची तारीख देणारे रुग्णालय टाळावे. थेंबांमुळे काही तास अंधूक दिसत असल्याने तपासणीला जाताना सोबत माणूस असणे इष्ट असते.

सातपुड्यातील भिल्ल, पावरा आणि अन्य आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल हा रक्तविकारही येथे विचारात घ्यावा लागतो, कारण त्यात दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडू शकतात. ज्यांच्याकडे सिकलसेल तपासणीचे कार्ड आहे त्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून दाखवावे. दूरच्या शहरातील डॉक्टर याविषयी स्वतःहून विचारतीलच असे नाही.

गैरसमज 3: ज्याचे यंत्र सर्वांत नवे, ते रुग्णालय सर्वांत चांगले.

वस्तुस्थिती: यंत्राची पिढी महत्त्वाची असते, परंतु ती निर्णायक नसते. पारपटल पातळ असल्यास किंवा खेळात अथवा कामात डोळ्याला मार बसण्याची शक्यता असल्यास झडप नसलेली आणि तुलनेने जुनी पीआरके पद्धत अधिक योग्य ठरते, मग तिच्यात पहिले काही दिवस वेदना अधिक होत असल्या तरी. तर नंबर फार मोठा असल्यास पारपटलाला हात न लावता डोळ्यात बसवले जाणारे आयसीएल भिंग सुचवले जाते. एकच पद्धत उपलब्ध असलेल्या ठिकाणी प्रत्येक रुग्ण त्याच पद्धतीत बसवला जाण्याचा संभव असतो. त्यातच एक्सायमर लेझरच्या परिणामावर खोलीतील आर्द्रतेचाही प्रभाव पडत असल्याने, यंत्राचे नाव विचारण्याइतकेच शस्त्रक्रियागृहातील तापमान व आर्द्रता कशी राखली जाते आणि यंत्राचे अंशांकन, म्हणजे मापे तपासून अचूक करणे, केव्हा होते हेही विचारणे योग्य आहे.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची अर्हताही पाहावी. एमएस, डीएनबी, डीओ किंवा डीओएमएस या नेत्रशास्त्रातील वैद्यकीय पदव्या व पदविका आहेत. ऑप्टोमेट्रिस्ट नंबर तपासण्यात प्रशिक्षित असला, तरी तो शल्यचिकित्सक नसतो. महाराष्ट्रातील डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळता येते. अनेक ठिकाणी रुग्णाशी प्रदीर्घ बोलणे समुपदेशकाचेच होते आणि डॉक्टर थेट शस्त्रक्रियागृहात भेटतात, हे ग्राह्य मानू नये.

गैरसमज 4: काही मिनिटांचे काम आहे; संध्याकाळच्या गाडीने घरी आले की विषय संपला.

वस्तुस्थिती: प्रत्यक्ष लेझर एका डोळ्यावर बहुधा मिनिटभरही चालत नाही, हे खरे आहे, परंतु डोळा बरा होण्याची प्रक्रिया त्यानंतर सुरू होते. लॅसिकनंतर दुसऱ्या दिवशीची तपासणी अत्यावश्यक असते, कारण झडपेला पडलेली सुरकुती, तिच्याखालील दाह किंवा जंतुसंसर्ग वेळेत सापडला तरच सहज आटोक्यात येतो. त्यानंतर साधारण आठवडा, महिना, तीन महिने आणि सहा महिने अशा टप्प्यांवर तपासण्या होतात. धडगाव किंवा मोलगीहून सुरतेला वा नाशिकला जाणाऱ्यासाठी प्रत्येक तपासणी म्हणजे एक-दोन दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च असतो, आणि म्हणूनच त्या सर्वाधिक चुकवल्या जातात. पहिल्या रात्रीचा मुक्काम त्याच शहरात करणे आणि पुढील तपासण्या नंदुरबार किंवा शहाद्यातील नेत्रतज्ज्ञाकडे होतील अशी व्यवस्था शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवणे, हा त्यावरील व्यवहार्य उपाय आहे.

दुष्परिणामांबाबतही स्पष्टता हवी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहभागाने झालेल्या प्रॉउल अभ्यासांत, शस्त्रक्रियेपूर्वी कोणताही दृश्य त्रास नसलेल्यांपैकी 46 टक्क्यांपर्यंत रुग्णांनी तीन महिन्यांनंतर दिव्यांभोवती वलये दिसणे, प्रतिमा दुहेरी दिसणे यांसारखे किमान एक लक्षण सांगितले, आणि डोळे कोरडे नसलेल्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत रुग्णांना कोरडेपणा जाणवला. मात्र दृश्य त्रासामुळे दैनंदिन कामात फार अडचण आली असे सांगणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. म्हणजेच तक्रारी सर्रास आढळतात, पण गंभीर त्रास क्वचित होतो, आणि जे रुग्णालय यांतील पहिली गोष्ट सांगण्याचे टाळते त्याच्याविषयी सावध राहावे.

स्थानिक परिस्थितीही महत्त्वाची ठरते. लाल मिरचीची मोठी बाजारपेठ असलेल्या नंदुरबारमध्ये हंगामात पथारींवर मिरची वाळत घातली जाते आणि त्या परिसरातील हवेत मिरचीची धस दरवळत असते. पथारीवर, मिरची कांडपात, खळ्यावर किंवा चुलीच्या धुरात काम करणाऱ्यांनी शस्त्रक्रियेची वेळ हंगामाबाहेर ठरवावी, कारण डोळा झोंबल्यावर तो चोळला जाणे हेच झडपेला सर्वांत घातक असते. शेतीकामाला केव्हा परतायचे, हे डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाचे काम विचारून सांगितले पाहिजे.

गैरसमज 5: एकदा लेझर झाला की आयुष्यभर चष्मा नको.

वस्तुस्थिती: लेझर पारपटलाची वक्रता बदलतो, डोळ्यातील भिंगाचे वय तो थांबवत नाही. चाळिशीच्या सुमारास भिंगाची लवचीकता कमी होऊन जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागतो, आणि लेझर केलेल्यांनाही तो बहुधा लागतोच. लहानपणापासून आळशी राहिलेल्या डोळ्याची, म्हणजे ज्याची दृष्टी चष्मा लावूनही पूर्ण होत नाही अशा डोळ्याची, उणीव लेझरने भरून निघत नाही. पुढे मोतीबिंदू झाल्यास कृत्रिम भिंगाचा नंबर ठरवण्याचे गणितही लेझर झालेल्या डोळ्यात बदलते. त्या वेळी शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर आणि पारपटलाची मापे उपयोगी पडतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी 72 तासांत द्याव्या लागतात. त्या नोंदी घरी जपून ठेवणे म्हणजे स्वतःच्याच म्हातारपणाची सोय करून ठेवणे आहे.

गैरसमज 6: भरतीच्या तोंडावर लेझर करून घेतला की वैद्यकीय चाचणी पार पडते.

वस्तुस्थिती: प्रत्येक दलाचे आणि प्रत्येक पदाचे दृष्टीविषयक निकष वेगवेगळे असतात व काही पदांसाठी लेझर झालेला डोळा अपात्रही ठरू शकतो. सैन्यदलांतील अधिकारीपदासाठी, जेथे लेझर मान्य आहे तेथेही, शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षानंतर झालेली असावी आणि तिला किमान 12 महिने उलटलेले असावेत, अशा अटी असतात. म्हणून त्या वर्षीच्या भरतीची अधिसूचना हाती घेऊन ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निर्णय घेऊ नये. भरतीसाठी नक्की चालते, असे तोंडी आश्वासन कोणत्याही रुग्णालयाला देता येत नाही.

गैरसमज 7: जाहिरातीतला दर हाच खर्च, उरलेले विमा पाहून घेईल आणि संमतिपत्रावरची सही नाममात्र असते.

वस्तुस्थिती: सांगितलेला दर एका डोळ्याचा की दोन्हींचा, त्यात तपासण्या, औषधे, पुढील भेटी आणि नंबर शिल्लक राहिल्यास करावी लागणारी दुसरी शस्त्रक्रिया धरलेली आहे का, हे लेखी घ्यावे. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या प्रमाणित अपवादांनुसार 7.5 डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च आरोग्यविम्यातून वगळता येतो, आणि बहुसंख्य रुग्णांचा नंबर त्याहून कमीच असतो.

संमतिपत्राला कायद्याच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके समजावून घेतलेली संमतीच वैध ठरते. तर 1995 च्या व्ही. पी. शांता प्रकरणातील निकालानुसार शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते. घरात अहिराणी, भिली, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या रुग्णापुढे इंग्रजी वा गुजराती कागद ठेवून केवळ सही घेतली जात असेल, तर मजकूर समजेल त्या भाषेत वाचून दाखवण्याची मागणी करावी. तो रुग्णाचा हक्क आहे.

वरील सर्व मुद्द्यांतून निवडीची कसोटी पुरेशी स्पष्ट होते. पारपटलाची जाडी किती, शस्त्रक्रियेनंतर किती उरेल, दुसरी कोणती पद्धत योग्य ठरली असती, शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार आणि रात्री डोळा दुखू लागल्यास फोन कोण उचलणार, या पाच प्रश्नांची उत्तरे आकड्यांत आणि नावानिशी देणारे रुग्णालय विश्वासास पात्र समजावे. तपासणीनंतर या डोळ्यावर लेझर नको असे सांगणाऱ्या डॉक्टरांनी एक ग्राहक गमावलेला असतो, पण रुग्णाचा डोळा वाचवलेला असतो. अशा नकारानंतर दुसऱ्या शहरात होकार शोधत फिरण्याऐवजी चष्मा कायम ठेवणे हाच शहाणपणाचा निर्णय होय.