पहिली ऑर्डर कोणी दिली?

उद्योगधंद्यात नाव काढलेल्या माणसाचा सत्कार असला की आपल्या समाजात सभागृह भरते. चौदा एप्रिलच्या आसपास तर असे सत्कार गल्लोगल्ली होतात. शाल, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांची तसबीर आणि मग सत्कारमूर्तींचे भाषण. त्या भाषणात अनवाणी चाललेली शाळेची वाट असते, कंदिलाचा उजेड असतो, शिळी भाकर असते आणि शेवटी ‘कष्ट करा, यश तुमचेच आहे’ असे सांगणे असते. टाळ्या पडतात. आम्हीही त्या वाजवल्या आहेत.

पण त्याच सभागृहात मागच्या रांगेत बसलेली बाई मनात म्हणते, कष्टाचेच म्हणाल तर आम्ही काय कमी केले? तिच्या नवऱ्याने गिरणीत तीन पाळ्यांत जन्म काढला. ती स्वतः चार घरची धुणीभांडी करते. अनवाणी शाळा तर आपल्या प्रत्येक घरात आहे. मग कोट्यधीश एखादाच का झाला?

हा प्रश्न नुसता बोलाचालीचा नाही. त्याच्या उत्तरावर घरचा पैसा अवलंबून आहे. भाषण ऐकून पेटलेला मुलगा बापाचा प्रॉव्हिडंट फंड, आईच्या कानातले आणि महामंडळाचे कर्ज एकत्र करतो. वेल्डिंगचे मशीन आणतो, गाळा भाड्याने घेतो, पाटी लावतो. मशीन आहे, हातात कसब आहे, काम मात्र नाही. वर्षभरात गाळा सुटतो, मशीन निम्म्या किमतीत जाते, कर्जाचा हप्ता तेवढा राहतो. वर लोक म्हणतात, पोराने मनावर घेतले नाही. असे एखादे घर प्रत्येक वस्तीत सापडेल. आमच्या मते त्या पोराला गोष्ट अर्धीच सांगितली गेली होती.

सगळी गोष्ट पाहायची तर सांगली जिल्ह्यातील पेड गावच्या खाडे बंधूंची पाहावी. घर चांभाराचे. वडील मुंबईत चपला-जोडे शिवायचे, आई गावात दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची, भावंडे सहा. एकदा पावसात दळण आणताना पीठ चिखलात सांडले आणि घरात त्या रात्री चूल पेटण्यासारखे काही उरले नाही, ही आठवण अशोक खाडे यांनी जाहीरपणे सांगितली आहे. त्यांना डॉक्टर व्हायचे होते, पण पैशाअभावी ते राहिले. १९७५ च्या सुमारास ते मुंबईत माझगाव डॉकमध्ये लागले. पुढे नकाशे काढण्याच्या कामात तरबेज झाले आणि १९८३ साली कामानिमित्त जर्मनीला गेले. नव्वदच्या दशकात दत्ता, अशोक आणि सुरेश या तिघा भावांच्या नावांतली आद्याक्षरे घेऊन ‘दास ऑफशोअर’ ही कंपनी उभी राहिली. समुद्रातील तेलविहिरींसाठी लोखंडी प्लॅटफॉर्म बांधणे आणि दुरुस्त करणे हा तिचा धंदा. हजारो लोकांना तेथे काम मिळाले. आई ज्या शेतात मजुरी करायची ती जमीन मुलांनी विकत घेतली. वर्तमानपत्रांना शेवटची ही ओळ फार आवडते, आणि ती आवडण्यासारखी आहेच.

आता तीच गोष्ट जरा सावकाश वाचू या.

माझगाव डॉकचे दार अशोक खाडेंसाठी उघडले, कारण थोरले बंधू दत्ता तेथे आधीच वेल्डिंगचे उमेदवार म्हणून लागले होते. मोठ्या भावाने आत पाय ठेवला नसता तर पेडच्या मुलाला डॉकचा पत्ता कोणी दिला असता? दुसरी गोष्ट काळाची. १९७४ साली बॉम्बे हाय येथे समुद्रात तेल सापडले आणि समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचे काम आपल्या देशात नव्याने सुरू झाले. माझगाव डॉक त्या कामात उतरले. ज्या कामाचे जाणकार देशात बोटांवर मोजण्याइतके, ते काम हे भाऊ तरुण वयात, पगार घेऊन शिकले. दहा वर्षे आधी जन्मले असते तर हे काम नव्हते. दहा वर्षे उशिरा जन्मले असते तर जाणकारांची गर्दी झालेली असती. जर्मनीचेही तसेच. १९८१ साली भारत सरकारने पाणबुड्यांसाठी जर्मन कंपनीशी करार केला, म्हणून डॉकची माणसे तिकडे गेली. तेथे शेजारी काम करणाऱ्या जर्मन माणसाचा पगार आपल्या कित्येक पट आहे हे अशोक खाडेंनी डोळ्यांनी पाहिले आणि स्वतःचा धंदा काढण्याचे मनाने घेतले.

आपण दैव मानणारी माणसे नव्हेत. कपाळावर काही लिहिलेले असते यावर आपला विश्वास नाही. पण योगायोग म्हणून काही असतो, आणि तो नाकारण्यात कसला विवेक? कारणे जुळून आली म्हणजे कार्य घडते. जुळून आलेल्या कारणांपैकी काही आपल्या हातची असतात, काही नसतात, इतकेच.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. कंपनी काढल्यावर सुरुवातीची कामे आली ती पोटकंत्राटाच्या रूपाने, त्याच माझगाव डॉककडून. ज्या साहेबांनी आणि फोरमननी या भावांचे हात वर्षानुवर्षे पाहिले होते, त्यांना यांची जात नव्याने विचारायची गरज नव्हती. काम पाहिलेले होते.

याला कोणी वशिला म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. वशिल्यात नालायकाला जागा मिळते. ओळखीत लायक माणसाची लायकी वेळेवर कोणाला तरी ठाऊक असते. आपल्या समाजात लायकी कधी कमी नव्हती, ती ठाऊक असणारा माणूस खुर्चीवर नसायचा. व्यापारी जातींत हे काम घरातच होते. कलकत्त्याला उतरणाऱ्या मारवाडी तरुणाला राहण्या-जेवण्यासाठी ‘बासा’ असायचा, नात्यातली पेढी त्याला उमेदवार म्हणून घ्यायची, पुढे उधारीवर माल द्यायची आणि गावभर शब्द टाकायची. त्याला हे शिकवावे लागत नाही, तो त्यातच वाढतो. आपल्या मुलाला मात्र बँकेत जामीन विचारला की घरात सगळे एकमेकांकडे पाहतात.

हे काही आजचे नाही. पेड ज्या सांगली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांची हुशारी आणि चिकाटी कोणी नाकारणार नाही. लोखंडी नांगर तयार करूनही सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळत नव्हते, तरी त्यांनी धीर सोडला नाही. पुढे बेळगावातील कारखान्याची जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांना दिला, पैशाचीही मदत केली, आणि १९१० साली तेथे कारखाना उभा राहिला. लक्ष्मणरावांची कामगिरी राजांना आधीपासून माहीत होती. हुशार कारागीर आणि राजा यांची गाठ पडू शकली, कारण दोघांना एका बैठकीत बसता येत होते. त्या काळी आपल्या माणसाला राजवाड्याच्या पायरीपर्यंत कोणी येऊ दिले असते?

आणि पुढच्या सात-आठ वर्षांतच मुंबईत काय घडले ते पाहा. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास करून १९१७ साली बाबासाहेब परतले. बडोद्याच्या नोकरीत गेले, तर तेथे डोके टेकायला जागा मिळेना. मुंबईला परत येऊन त्यांनी शिकवण्या धरल्या आणि शेअरमध्ये पैसा गुंतवणाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी काढली. होय वाचकहो, बाबासाहेबांनी धंदाही करून पाहिला होता. या देशात त्या विषयातले त्यांच्याइतके शिकलेले किती जण होते? तरी सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले तशी गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि पेढी बंद करावी लागली. ज्ञान होते, कष्ट होते, जिद्द तर काय सांगावी! त्यावर विश्वास टाकून पुन्हा पायरी चढणारा माणूस नव्हता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. लंडनमध्ये परिचय झालेले मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांची त्या कामी मदत झाल्याचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. त्याआधी केळुसकर गुरुजींनी तरुण भीमरावांना सयाजीराव महाराजांपर्यंत नेले होते. १९२० साली शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला जाताना स्वतःच्या बचतीला राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज, यांची जोड मिळाली. हे सांगताना आम्हांस काडीचा संकोच वाटत नाही. बाबासाहेबांसारख्या प्रज्ञेलाही शब्द टाकणारा, उधार देणारा, दार दाखवणारा माणूस लागला. मग एका वेल्डरच्या पोराला ‘तुझे तू बघ’ म्हणणारे आपण कोण?

ओळख जन्माने मिळाली नाही तर ती उभी करता येते, हे पाहायचे असेल तर कल्पनाताई सरोज यांच्याकडे पाहावे. अकोला जिल्ह्यातील पोलीस हवालदाराची ही मुलगी. बाराव्या वर्षी लग्न, मुंबईच्या झोपडपट्टीत सासरचा छळ. वडिलांनी परत आणले, तर गावाने टोचून खाल्ले. त्यापायी जीव देण्याचा प्रयत्नही झाला. त्यातून वाचून ती पुन्हा मुंबईला नातलगांच्या आधाराने आली आणि कपड्यांच्या कारखान्यात दोन रुपये रोजावर बसली. (भाची-पुतणीला चार महिने घरात ठेवून घेणारी मंडळी कोणाच्या सत्काराच्या भाषणात येत नाहीत. त्यांनाही एखादे फूल द्यायला हरकत नव्हती.) पुढे सरकारी योजनेतून ५०,००० रुपयांचे कर्ज काढून कल्याणला फर्निचरचा धंदा सुरू केला.

कर्ज मिळवताना कागदासाठी किती खेटे घालावे लागतात हे कळल्यावर त्यांनी बेकार तरुणांची संघटना बांधून इतरांनाही योजनांचे कर्ज मिळवून देण्याचे काम चालवले. आमच्या दृष्टीने त्यांची खरी गुंतवणूक ही. त्यामुळे कल्याणमध्ये लोक त्यांना ओळखू लागले, कचेरीतले कारकून ओळखू लागले. कोर्टकचेरीत अडकलेला एक भूखंड स्वस्तात चालून आला, तो ओळखीतूनच. जागा मोकळी झाली तेव्हा इमारतीला पैसा नव्हता. तो भागीदाराने घातला आणि नफ्यात वाटा ठरला. यात योगायोग किती आणि नाव किती, हे वेगळे काढता येणार नाही.

मग कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचे कामगार त्यांच्याकडे आले. १९८८ साली हा कारखाना कामगारांनीच चालवायला घेतला होता, पण पुढे तो पुन्हा बुडाला. शंभर कोटींच्या वर देणे आणि खटल्यांचा ढीग. अशा कारखान्याचे कामगार एका बाईला म्हणतात, तुम्ही हा वाचवा. का म्हणाले? त्यांना लोखंड-तांब्याचे ज्ञान होते म्हणून नव्हे. ही बाई कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते आणि काम करून आणते, हे ठाऊक होते म्हणून. २००६ साली त्या कंपनीच्या अध्यक्ष झाल्या, बँकांशी बोलून देणे कमी करून घेतले, कारखाना रुळावर आणला. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता सरकार आणि आपण यांचे पाहू. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचे चेंबर, म्हणजे ‘डिक्की’, काढले, त्यामागे हीच जाण आहे की विखुरलेल्या उद्योजकांनी एकमेकांना माहीत तरी असावे. २०१२ च्या धोरणाने केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी आपल्या खरेदीपैकी ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योगांकडून घ्यावा असे ठरले. कागदावर हा आकडा लहान नाही. प्रत्यक्षात खरेदी वर्षानुवर्षे त्याच्या पुष्कळ मागे राहिली. अधिकारी म्हणतात, पुरवठादार मिळत नाहीत. आपली मुले म्हणतात, टेंडरमध्ये मागील अनुभव मागतात, आणि पहिले काम मिळाल्याशिवाय अनुभव आणायचा कोठून? दोघेही खरे बोलतात, म्हणून तर गाठ सुटत नाही. मशीनला कर्ज देणारी योजना निघते. बिल तीन महिने अडकले तर मधले दिवस ढकलायला उधार देणारा कच्च्या मालाचा व्यापारी योजनेतून निघत नाही.

म्हणून पुढच्या सत्काराला जाल तेव्हा सत्कारमूर्तींना नम्रपणे दोन-तीन गोष्टी विचारा. पहिली ऑर्डर कोणी दिली? पहिल्यांदा उधारीवर माल कोणी दिला? तो माणूस तुम्हांला कोठे भेटला होता? आणि आपल्यातले जे रेल्वेत, दारूगोळा कारखान्यात, वीज मंडळात, महापालिकेत स्टोअर आणि खरेदी खात्यांतून निवृत्त झाले आहेत, त्यांनी संध्याकाळी विहाराच्या कट्ट्यावर नुसते राजकारण बोलण्यापेक्षा कोणत्या कारखान्यात पुरवठादार म्हणून नाव कसे नोंदवतात, अनामत किती, तपासणी कोण करतो, एवढे जरी पोरांना सांगितले तरी पुष्कळ होईल. अमुक साहेबांना भेट आणि माझे नाव सांग, हे वाक्य आपल्या घरांत अजून फार थोड्यांना म्हणता येते. ज्यांना म्हणता येते त्यांनी ते राखून ठेवू नये.

आम्हांस काळजी आहे ती वेगळीच. दत्ता खाडे उमेदवार म्हणून लागले ती जागा सरकारी कारखान्यातली होती. उमेदवार, मग कायम कामगार, मग पंधरा-वीस वर्षे तेच साहेब, तेच फोरमन. ओळख व्हायला इतका वेळ लागतो. आज अशा कारखान्यांतले बरेचसे काम कंत्राटदारामार्फत होते. आपला आयटीआय झालेला मुलगा तेथे आजही वेल्डिंग करतो, कदाचित दत्तांइतकेच चांगले करतो. पण तो आठ-दहा महिने एका कंत्राटदाराकडे असतो, मग दुसऱ्या गेटवर. हजेरी मुकादमाच्या वहीत, पगार मुकादमाच्या हातून. ज्या साहेबाच्या जहाजाचा सांधा त्याने जोडला, त्या साहेबाला त्याचे नाव माहीत नसते.