मानेवरचे चार थेंब: गोचिडीचं औषध कुत्र्याला बाधतं तेव्हा

आजचा भाग गोचिडीच्या औषधांवर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

आमच्या वागळे इस्टेटमध्ये कंपनीच्या गेटवर वॉचमनकाका आणि त्यांच्या खुर्चीखाली एक कुत्रा, हे ठरलेलं चित्र. पावसाळ्यात त्याच्या कानात गोचिडी दिसल्या की कुणीतरी पेट शॉपमधून मानेवर टाकायचं स्पॉट-ऑन आणतं. कुणी गुरांचं औषध अंदाजानेच चोपडतं, तर कुणी गॅरेजमधलं जळकं ऑइल. हेतू चांगलाच असतो, पण त्रास होतो कुत्र्याला.

गोचिडी घालवायलाच हव्यात, त्यात वाद नाही. त्या एर्लिकिया, बबेसियासारखे आजार पसरवतात आणि त्यात कुत्रा दगावू शकतो. पण औषध म्हणजे किड्यासाठी मोजून दिलेलं विष. फिप्रोनिल, पर्मेथ्रिन यांच्यामुळे किड्याच्या नसा शांतच होत नाहीत आणि तो मरतो. ठरलेल्या डोसला बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही. डोस वाढला किंवा औषध चाटलं गेलं, तर त्यांच्याही नसांवर परिणाम होतो.

अमेरिकेत अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००९ मध्ये स्पॉट-ऑन औषधांची तपासणी सुरू केली. २०१० मध्ये निष्कर्ष आला: बहुतेक त्रास किरकोळ होते, पण काही प्राणी मेलेही. लहान कुत्र्यांना जास्त भोगावं लागलं. म्हणून डोससाठी वजनाचे गट आणखी बारीक करा आणि कुत्र्याचं-मांजराचं औषध ठळकपणे वेगळं दाखवा, असं ठरलं.

म्हणजे आपण काय करायचं?

आधी कुत्र्याचं वजन करा. मोठ्या कुत्र्याची ट्यूब दोन पिल्लांत वाटू नका. औषध केस बाजूला करून थेट कातडीवर, दोन खांद्यांच्या मधे टाका, म्हणजे जीभ पोचत नाही. कुत्रा आजारी, गाभण किंवा अगदी लहान असेल तर आधी डॉक्टरला विचारा. अमिट्राझ पाण्यात मिसळून लावतात. ते जास्त झालं तर कुत्रा सुस्तावतो, नाडी मंदावते, साखर वाढते. आणि पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीच नाही! तिच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही. कुत्रा-मांजर एकाच गोणपाटावर झोपत असतील, तर औषध सुकेपर्यंत त्यांना लांब ठेवा.

लावल्यावर दिवसभर लक्ष असू द्या. त्या जागी लाली आली, खाज सुटली, केस गळले, तर ती सौम्य रिअ‍ॅक्शन. लाळ, उलटी, थरथर, लडखडत चालणं, झटके, ही धोक्याची खूण. झटके येत नसतील तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने औषध धुऊन काढा, अंग कोरडं करून ऊब द्या. झटके असतील तर धुण्यात वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठा. घरी उलटी करवू नका. निघताना रिकामी ट्यूब आणि खोका बरोबर घ्या, औषध किती वाजता लावलं ते सांगा. कोणतं द्रव्य पोटात किंवा अंगावर गेलंय, हे कळलं की डॉक्टरचे उपचार लवकर सुरू होतात.

आणि हो, जळकं ऑइल ही ट्रीटमेंट नाही. कुत्रा ते चाटतो आणि ते त्याच्या पोटात जातं.

हा भाग तुमच्या गेटवरच्या वॉचमनकाकांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!