ऑपरेशनच्या आधी : प्रार्थना आणि तयारी

घरात कोणाचे मोठे ऑपरेशन ठरले की आपण सिनेगॉगमध्ये आजाऱ्याचे नाव आईच्या नावासह देऊन 'मी शेबेराख' म्हणवतो, मलिद्याचा नवस बोलतो. सोबत डॉक्टरांसाठीही यादी करा : रोजची औषधे, अ‍ॅलर्जी, जुने आजार. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर आवर्जून सांगा. तिने रक्तस्राव वाढू शकतो. स्वतःहून बंद केली तर गुठळीचा धोका असतो. हिब्रू अडत असेल तर नातवंडांना बरोबर न्या, पण दुखणे लपवू नका. ऑपरेशननंतर परवानगी मिळताच थोडे चालावे, दीर्घ श्वास घ्यावा. न्यूमोनियाचा आणि पायातील गुठळीचा धोका कमी होतो. भेटीला जाणाऱ्यांनी आजाऱ्याजवळ थोडाच वेळ बसावे, रात्रभर जागलेल्या मुलीला किंवा सुनेला मात्र दोन तास झोपू द्यावे. बिक्कुर होलीमची मिझवा अशीही घडते. रफुआ शलेमा!