खलनायिकेच्या कडा

सकाळी ६.२०

आज तिचा शॉट गेलाच पाहिजे. वसई रोडच्या फलाटावर उभी असताना डोक्यात दुसरं काही नाही. ती म्हणजे एका अमेरिकी फॅन्टसी मालिकेतली नवी खलनायिका. मालिकेचं नाव सांगता येणार नाही, गुप्ततेच्या करारावर सही आहे. ऑफिसातसुद्धा प्रोजेक्टला सांकेतिक नावच असतं. डिसेंबरमध्ये ही मालिका अर्ध्या हंगामावर थांबली, मार्चमध्ये परत येते आहे, आणि परत येणाऱ्या पहिल्याच भागात या बाईची एन्ट्री आहे.

मी रोटो करते. पडद्यावरच्या माणसाची बाह्यरेषा फ्रेममागून फ्रेम हाताने आखायची, म्हणजे पुढच्या कलाकारांना त्याच्या मागचं सगळं बदलता येतं. खरं झाड काढून तिथे मनोरा उभा करता येतो, धूर सोडता येतो, आभाळ फिरवता येतं. एका सेकंदाला २४ फ्रेम. मालिका व्हँकुव्हरच्या बाजूला चित्रित होते आणि तिथली रात्र हा आमचा दिवस. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतात. ते झोपायला जातात तेव्हा आमच्याकडे काम येतं, ते उठतात तेव्हा झालेलं काम त्यांच्यापुढे असतं.

बोरिवलीला उतरून मालाडसाठी धीमी गाडी पकडते.

८.००

मोबाइल लॉकरमध्ये. आत कॅमेरा नाही, पेनड्राइव्ह नाही, आमच्या मशीनला इंटरनेट नाही. नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात हे जाचक वाटतं. मला ते पटतं. खलनायिका कोण हे जर लोकांना आधीच कळलं, तर शेकडो माणसांनी महिनोन् महिने झाकून ठेवलेली गोष्ट एका फोटोने जाते.

८.३०

व्हँकुव्हरमध्ये आदल्या दिवसाचे संध्याकाळचे सात. तिथल्या नोट्स आल्या आहेत. आमच्या शॉटवर दोनच नोट्स आहेत. केसांच्या काही बटा गळाल्यात, ही पहिली. दुसरी महत्त्वाची : १०४३ ते १०६१ या फ्रेममध्ये उजवा हात मेल्यासारखा वाटतो.

शॉट १००१ ते १११८, म्हणजे ११८ फ्रेम, पाच सेकंदांपेक्षा जरा कमी. (आमच्या धंद्यात मोजणी १००१ पासून सुरू होते, म्हणजे शॉट पुढून थोडा वाढवायची वेळ आली तर आकडे मागे जायला जागा राहते.) बाई जंगलाच्या कडेला पाठमोरी उभी आहे. वळते. उजवा हात हळूहळू वर नेते. तिच्या मागे काहीतरी प्रचंड उगवणार आहे, ते काय हे आम्हाला माहीत नाही.

मागे निळा किंवा हिरवा पडदा असता तर निम्मं काम संगणकाने केलं असतं. पण तिचा पोशाख गडद हिरव्या मखमलीचा आहे, त्यामुळे हिरवा पडदा बाद. पडद्याबरोबर पोशाखही उडाला असता. निळा चालला असता, पण उघड्यावर, भुरभुर पावसात आणि वाऱ्यात एवढं मोठं कापड ताणून धरणं सोपं नसतं, आणि पडद्याचा निळा रंग ओल्या मखमलीवर आणि गालांवर उतरतो तो वेगळाच. म्हणून पडदा न लावताच शूट केलं, आणि कडा आमच्या हाती आल्या.

९.००

हात केलाय नाशिकहून आलेल्या मुलाने. मेहनती आहे, हात स्वच्छ आहे. मी शॉट लूपवर लावला आणि त्याला म्हटलं, “करंगळी बघ.”

त्याने तीन-चारदा बघितलं. “ताई, थरथरतेय. म्हणून तर मी स्मूथ केली. वाटलं, जिटर आहे.”

“प्लेट बघ. शेप बंद कर आणि नुसती प्लेट बघ.”

शेप, म्हणजे आम्ही आखलेल्या बाह्यरेषा, बंद केले. उरली प्लेट, म्हणजे मूळ चित्रण. बाईची करंगळी खरोखरच थरथरते आहे. हात खांद्याच्या उंचीला आल्यावर चारेक फ्रेम, पुन्हा थोडं वर गेल्यावर तीन फ्रेम. बाकीची बोटं ताठ. चेहरा दगडासारखा. या बाईला आपल्या शक्तीवर पुरता भरवसा नाही, किंवा त्या शक्तीची किंमत तिला शरीराने मोजावी लागते आहे, हे त्या नटीने एका करंगळीत ठेवलं आहे. दिग्दर्शकाने सांगितलं असेल किंवा तिचं तिला सुचलं असेल. ते आपल्या हातून पुसलं जाता कामा नये.

मी त्याला जे सांगितलं ते सगळ्याच नव्या मुलांना सांगत असते. थरथर तिची असते, जिटर आपला असतो. जिटर म्हणजे आपण पॉइंट नीट न ठेवल्यामुळे कड उगाच हलते, आणि ती हलते तेव्हा माणूस कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. तो मारायचाच. पण तो मारायच्या नादात माणसाची हालचाल मारली, तर मागे मनोरा कितीही भव्य उभा केला तरी पुढे पुतळाच उभा राहतो.

९.४५ ते १२.३०

हात नव्याने घेतला. मुलगा माझ्या खुर्चीत, मी त्याच्या शेजारी.

पंजाला एकच मोठा शेप करायचा मोह होतो, तो टाळायचा. तळव्याला एक, अंगठ्याला दोन, प्रत्येक बोटाच्या प्रत्येक पेराला वेगळा, मनगटाला वेगळा. पेरं वळतात ती हाडाच्या जागी, म्हणून पॉइंटही तिथेच ठेवायचे आणि शेवटच्या फ्रेमपर्यंत त्याच जागी राखायचे. मग की-फ्रेम, म्हणजे जिथे रेषा आपण हाताने बसवतो आणि मधल्या फ्रेम संगणक भरतो. प्रत्येक फ्रेमवर की टाकली की जिटर आलाच समजा. आधी हालचालीची टोकं शोधायची : हात कुठे सुरू होतो, कुठे क्षणभर रेंगाळतो, कुठे थांबतो. तिथे की. मग दोन टोकांच्या मधोमध एक. मग जिथे रेषा हातापासून सुटते तिथेच आणखी एक. करंगळीची थरथर येते तेवढ्या फ्रेमना मात्र फ्रेमगणिक की, कारण तिथे मधली जागा संगणकाला भरू दिली तर तो सरळ रेषा भरतो आणि थरथर गेली.

याच्यावर मोशन ब्लर. कॅमेऱ्याचं शटर साधारणपणे फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं असतं, म्हणजे सेकंदाचा ४८ वा भाग. तेवढ्यात बोट जेवढं सरकतं तेवढी त्याची कड विरघळते. त्या विरघळलेल्या पट्टीत अर्धी करंगळी असते आणि अर्धं मागचं ओलं झाड. रेषा कुठून न्यायची? आम्ही पट्टीच्या मधून नेतो आणि दोन्ही बाजूंना हालचालीइतका ब्लर देतो. आत ओढली तर बोट बारीक होतं, बाहेर ढकलली तर बोटाला झाडाची काळी किनार येते. धुरापुढे ती किनार लगेच उठून दिसते.

साडेबाराला लूप लावला. करंगळी थरथरते आहे आणि कड शांत आहे. मुलगा काही बोलला नाही, पण त्याने तो लूप बराच वेळ चालू ठेवला.

१.००

डबे उघडले. नव्या मुलीने विचारलं, “ताई, सगळ्या चेटकिणी हिरव्या का?”

सगळ्या नाहीत, पण पश्चिमेकडची ती प्रसिद्ध दुष्ट चेटकीण आहे. एल. फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या ओझच्या पुस्तकात तिची कातडी हिरवी नाही. तिथे ती एकाक्ष आहे. हिरवी झाली १९३९ च्या चित्रपटात, टेक्निकलरच्या जमान्यात. ते काम मार्गारेट हॅमिल्टनने केलं. आधी ती बालवाडीत शिकवायची. डिसेंबर १९३८ मध्ये ज्वाळा आणि धुरातून गायब व्हायच्या प्रसंगात आग वेळेआधी लागली आणि तिचा चेहरा आणि हात भाजला. हिरव्या रंगात तांबं होतं, म्हणून भाजलेल्या कातडीवरून तो स्पिरिटने पुसून काढावा लागला. सहाएक आठवड्यांनी ती परत आली आणि पुन्हा आगीचं काम करणार नाही असं तिने बजावलं. मला ती बाई फार मोठी वाटते. आज ती आग संगणकावर होते आणि नटीच्या अंगापर्यंत पोचत नाही, यात आमच्या कामाचाही थोडा वाटा आहे.

आमच्या मालिकेबद्दल मला बोलता येत नाही, म्हणून मी मुलांना ‘वन्स अपॉन अ टाइम’चं उदाहरण देते. तीही व्हँकुव्हरच्याच परिसरात झाली. स्टोरीब्रुक गावाचा मुख्य रस्ता म्हणजे रिचमंडमधलं स्टीव्हस्टन हे जुनं मासेमारीचं गाव. तिसऱ्या हंगामाचे २२ भाग त्यांनी सरळ दोन गोष्टींत वाटले : पहिल्या ११ मध्ये पीटर पॅन खलनायक, १५ डिसेंबर २०१३ ला विश्रांती, आणि ९ मार्च २०१४ ला पुढचे ११ घेऊन परत, तेव्हा हीच हिरवी चेटकीण, झेलीना, रिबेका मेडरने केलेली.

ही विश्रांती का, तेही मुलांना कळायला हवं, कारण आमच्या टार्गेटचं मूळ तिथे आहे. अमेरिकी नेटवर्कचा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीपासून मेपर्यंत चालतो. पस्तीसच्या आसपास आठवडे आणि भाग २२. एका भागाच्या शूटिंगला साधारण आठ कामाचे दिवस लागतात, मग संकलन, मग आम्ही. दर आठवड्याला एक दाखवत गेलं तर प्रक्षेपण चित्रीकरणाला गाठतं. पूर्वी मध्येच जुने भाग पुन्हा दाखवून वेळ काढत. आता सरळ थांबतात. पण थांबलेल्या प्रेक्षकाला परत आणायला कारण लागतं, आणि सगळ्यात भक्कम कारण म्हणजे नवी खलनायिका.

झेलीनाचं मला आवडलं ते असं की ती स्टोरीब्रुकमध्ये हिरवी नव्हती. चारचौघींसारखी होती, सुईण बनून गरोदर स्नो व्हाइटच्या घरात शिरली. आणि तिचं वैर जगाशी नव्हतं, रेजिनाशी होतं, एका आईच्या दोन मुलींपैकी जिला आईने टाकलं नाही तिच्याशी. मत्सराने ती हिरवी झाली. पुढच्या वर्षी, १ मार्च २०१५ ला, त्यांनी मॅलिफिसंट, अर्सुला आणि क्रूएला अशा तिघी एकदम आणल्या. माझ्या मते तिघींपेक्षा एकटी झेलीना भारी होती. दुखावलेल्या खलनायिकेकडे बघायला वेळ लागतो, आणि तिघींत तो वाटला जातो.

“म्हणजे आपली पण दुखावलेली असणार,” नाशिकचा मुलगा म्हणाला. “करंगळी.”

२.००

केस. ओले, वाऱ्यावर, खांद्याच्या दोन्ही बाजूंना. सगळ्या वस्तुमानाला एक मऊ कडेचा शेप, मग सुटलेल्या बटांना एकेक रेषा, मुळाशी जाड आणि टोकाला बारीक. प्रत्येक केस काढायचा नसतो. ज्या बटा नजरेला धरून ठेवतात त्या निवडायच्या, आणि ही निवड डोळ्यानेच होते.

साडेतीनला चहा.

५.००

क्यूसी, म्हणजे शेवटची तपासणी. मॅट, म्हणजे आखलेल्या कडांतून सुटलेली आकृती, लाल पार्श्वभूमीवर, मग करड्यावर, निम्म्या वेगाने. कोपर आणि कंबर यांच्यामधली त्रिकोणी फट दोन फ्रेममध्ये बुजली होती, उघडली.

शेवटी नुसता मॅट बघितला : काळ्यावर पांढरी आकृती. चेहरा नाही, मखमल नाही, रंग नाही. तिने मान वळवली, हात वर नेला, करंगळी थरथरली, आणि टीममधले दोघंतिघं आपापलं काम सोडून बघत उभे राहिले. त्यांच्यापैकी कोणी तिचा आवाज ऐकलेला नाही. आमच्याकडे शॉट मुके येतात, क्रम सोडून येतात, संहिता कधीच येत नाही. तरी ही बाई धोक्याची आहे आणि तिला काहीतरी सलतं आहे, हे त्यांना त्या पांढऱ्या आकृतीत दिसलं.

७.४५

शॉट अपलोड केला. व्हँकुव्हरला पहाटेचे सव्वासहा. रोटोवाल्यांची नावं मालिकेच्या शेवटच्या पाट्यांत क्वचितच येतात. मला ती यावीत असं मनापासून वाटतं, माझ्यापेक्षा या पोराचं. ११८ फ्रेममध्ये तो आज जे शिकला, ते कुठेतरी लिहिलेलं असावं.

को-ऑर्डिनेटरने उद्याची यादी दिली. त्याच बाईचा क्लोज-अप, १७६ फ्रेम, चेहऱ्यासमोर हात, बोटांच्या फटींतून डोळे. पापण्या आहेत, पावसाचे थेंब आहेत आणि पुन्हा तीच करंगळी आहे. मुलाने माझ्याआधीच यादीवर आपलं नाव टाकलं होतं.