पाणंदीतून सायकल नेताना

जालन्याहून राजूर-भोकरदनकडे जाताना डांबरी सोडून पाणंदीत शिरलं, की सायकलवर ओझं कुठे बांधलंय ते लगेच कळतं. सगळं मागच्या कॅरिअरवर लादलं तर चढावर पुढचं चाक हलकं होऊन हँडल भरकटतं. म्हणून थोडं जड सामान पुढच्या रॅकवर, चिमट्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने, शक्य तितकं खाली बांधावं. ट्रेलर घ्यायचा तर एकचाकीच घ्या. तो सायकलच्या मागोमाग त्याच चाकोरीतून येतो. दोनचाकीचं एक चाक हमखास मधल्या उंचवट्यावर चढतं.

पावसाळ्यात मात्र ट्रेलर नकोच. काळ्या मातीचा चिखल मडगार्डच्या फटीत इतका गच्च बसतो की चाक फिरत नाही. उन्हाळ्यात बाभळीचे काटे असतात. ट्रेलरचं चाक बहुधा लहान असतं, त्याच्या मापाची ट्यूब वेगळी बाळगा.